मैदान दिनाच्या कामाच्या नोंदी : रांग कमी, खेळ जास्त

४ नोव्हेंबर

पहिली मीटिंग झाली. शाळा आणि आजूबाजूचे रहिवासी मिळून एकच मैदान दिन करायचा हे पक्कं झालं. तारीख ६ डिसेंबर, वेळ सकाळची. तिसरी ते सातवीची मुलं साधारण १६०, मोठी माणसं किती येतील ते नावनोंदणी झाली की कळेल.

कार्यक्रमाचा जुना कागद टेबलावर होता. शंभर मीटर, रिले, पोत्याची शर्यत, मग फायनल, मग बक्षीस समारंभ. मी सगळ्यांना एवढंच विचारलं की जो मुलगा पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, मागे पडतो तो उरलेली सकाळ काय करतो? बसतो. उन्हात, दप्तराला टेकून, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. आणि खरं बघायला गेलं तर मैदानावर धावायची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते, जी मुलं फायनलला पोचतात ती एरवीही रोज संध्याकाळी खेळतच असतात.

मग फळ्यावर हिशोब मांडला. एका रांगेत २० मुलं, प्रत्येकाची पाळी २० सेकंदांची, म्हणजे एक फेरी ४०० सेकंद, पावणेसात मिनिटं धरा, त्यात एक मूल पळणार २० सेकंद आणि उभं राहणार सहा मिनिटांवर. त्याच २० मुलांच्या पाच-पाचच्या चार रांगा केल्या की फेरी १०० सेकंदात संपते. मुलं तेवढीच, मैदान तेच, फक्त चेंडू एकाऐवजी चार लागतात. पीटी सर म्हणाले की मग साहित्य वाढेल. वाढू दे, चेंडू आणि बीन बॅग (धान्य भरलेल्या छोट्या कापडी पिशव्या) गोळा करणं अवघड नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं चांगल्यापैकी दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. त्या दिवशी प्रत्येक मूल, अगदी प्रत्येक, त्यातला मोठा वाटा मैदानावरच पूर्ण करून घरी जावं हे आमचं ध्येय. बक्षीस समारंभ काढून टाकला. त्यावर थोडी वादावादी झाली पण मुख्याध्यापक बाईंनी पाठिंबा दिला आणि विषय मिटला.

७ नोव्हेंबर

खेळ ठरवायला बसलो. नियम एकच, ज्यात मूल 'आउट' होऊन बाहेर बसतं तो खेळ आहे तसा घ्यायचा नाही. संगीत खुर्ची गेली. चेंडू मारून बाद करायचा खेळ मुलांना फार आवडतो म्हणून तो ठेवायचा का यावर बराच वेळ गेला, शेवटी असं सुचलं की बाद झालेल्याने बाजूच्या चौकटीत जाऊन दहा उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. खेळाची मजा तीच राहते. तरी मोठ्या दिवसासाठी तो घेतला नाही, कारण फटका तोंडावर बसायची भीती आणि लक्ष ठेवायला माणसं कमी. पीटीच्या तासाला सर तसा खेळून बघणार आहेत.

आठ केंद्रं ठरली. रस्सीखेच, उभ्याने लांब उडी, बीन बॅगची रिले, अडथळ्यांची वाट, पॅराशूट (सगळ्यांनी कडेने धरून हलवायचं मोठं गोल कापड), बोचा (बसून चेंडू नेमाने टाकायचा खेळ), फ्रिस्बीने नेम, पोत्याची शर्यत.

लांब उडी उभ्यानेच घ्यायची हा माझा आग्रह. धावत येऊन मारायच्या उडीला वाळूचा खड्डा लागतो, धावपट्टी लागते, आणि एका वेळी एकच मूल उडी मारतं. उभ्याने मारायला जमिनीवर एक रेघ आणि टेप पुरे, दहा जण शेजारी शेजारी मारू शकतात. १९०० ते १९१२ पर्यंत ही उडी ऑलिंपिकमध्येसुद्धा होती, त्यामुळे कोणी हा लहान पोरांचा खेळ म्हणालं तर सांगायला बरं. प्रत्येकाने पहिल्या उडीला खडूने खूण करायची आणि मग आपलीच खूण ओलांडायचा प्रयत्न करायचा. दुसऱ्याचं अंतर मोजायचंच नाही.

१० नोव्हेंबर

मैदान बघायला सकाळी त्याच वेळी गेलो ज्या वेळेला कार्यक्रम आहे, कारण दुपारी सावली जिथे असते तिथे सकाळी नसते. पूर्वेकडच्या भिंतीची सावली साडेनऊपर्यंत टिकते, नंतर झाडांखालचीच. म्हणून पॅराशूट आणि बोचा झाडांखाली, पाण्याची जागा बरोबर मध्ये. फ्रिस्बीवाल्यांचं तोंड सूर्याकडे येता कामा नये, नाहीतर उडत येणारी चकती दिसतच नाही.

पूर्ण मैदान पायी पालथं घातलं, चौघं जण हातभर अंतर ठेवून एका रेषेत. काचा, खिळ्याचं एक लाकूड, आणि गोलपोस्टजवळ पाऊल अडकेल एवढा खड्डा. खड्डा माती घालून ठोकून घ्यायचा, नुसता झाकायचा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे हीच फेरी परत मारायची.

पळायच्या जागेत शेवटच्या रेषेनंतर निदान दहा-पंधरा मीटर मोकळी जागा सोडायची, हे सगळ्यांनी डोक्यात पक्कं करा. मुलं रेषेवर थांबत नाहीत, रेषेपर्यंत जोर लावतात आणि पुढे जाऊन थांबतात. आपली जुनी फिनिश लाइन भिंतीपासून जेमतेम चार मीटरवर होती. ती दिशाच बदलली.

चौकटी काटकोनात आखायला सोपी युक्ती : दोरीवर एकापुढे एक ३, ४ आणि ५ मीटर अंतराच्या खुणा करा, त्रिकोण ताणा, ३ आणि ४ च्या मधला कोन आपोआप ९० अंशाचा येतो. सातवीच्या दोन मुलींना हे करायला दिलं, त्यांनी पायथागोरस अजून शिकला नाहीये पण कोपरा बरोबर आला का ते गुण्याने तपासून त्या इतक्या खूश झाल्या की उरलेल्या सगळ्या चौकटी त्यांनीच आखायच्या ठरवल्या.

रेघा आखायच्या फक्कीबद्दल महत्त्वाचं. साहित्याच्या खोलीत जे पोतं आहे त्यात चुना आहे. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, ही भीती दाखवायची गोष्ट नाही, खरोखर कायमची इजा होऊ शकते, आणि आपल्याकडे मुलं त्या रेघांवर पडणार, लोळणार. खडूची भुकटी वापरायची. पोतं आजच बाहेर काढलं.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस दोराचा. रस्सीखेच सगळ्यांना घरचा खेळ वाटतो, आणला दोर की ओढला, आणि म्हणूनच याच्यावर जरा जास्त लिहितेय.

खोलीत दोन दोर निघाले. एक निळा नायलॉनचा, गुळगुळीत, बारीक. दुसरा जाड, तागासारखा, जुना. सगळ्यांचा हात निळ्याकडे गेला कारण तो हलका आणि स्वच्छ. पण नायलॉन ताणतो, रबरासारखा ताकद साठवून ठेवतो, आणि तुटला तर ती सगळी ताकद एका झटक्यात मागे येते. १९९७ साली तैपेईमध्ये हजाराहून जास्त लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन माणसांचे हात तुटून वेगळे झाले. त्यामुळे दोन गोष्टी ठरल्या. नायलॉन नाही. आणि 'सगळी शाळा विरुद्ध सगळे पालक' अशी फोटोसाठीची रस्सीखेच अजिबात नाही, ती सूचना आली होती, मी नाही म्हटलं आणि कारण वाचून दाखवलं, मग कोणी आग्रह केला नाही.

खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एका बाजूला आठ जण, दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर, लांबी किमान ३३.५ मीटर, आणि समोरच्यांना चार मीटर ओढलं की जिंकलात. हा खेळ १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्ये होता, म्हणजे नियम हवेतून आलेले नाहीत. मुलांच्या छोट्या हातात एवढा जाड दोर बसत नाही, म्हणून आपण जरा बारीक पण नैसर्गिक धाग्याचाच घेतोय, एका बाजूला आठच मुलं, आणि ओढायचं अंतर दोनच मीटर. वीसच्या गटात आठ-आठ ओढतील, उरलेले चार पुढच्या खेपेला आत, तोवर ते रेषेचे पंच. खेप छोटी असल्याने कोणीच फार वेळ बाहेर राहत नाही.

कार्डावर मोठ्या अक्षरात : दोर हाताला, मनगटाला, कमरेला गुंडाळायचा नाही. गाठ नाही, फास नाही. शिट्टी झाली की सोडायचा नाही, हळू ढिला करायचा, कारण एका बाजूने फटकन सोडला की समोरचे सगळे पाठीवर पडतात.

तागाचा दोर इंच इंच हाताने चाचपला. मध्ये एका जागी आतले धागे काळे आणि भुसभुशीत, नखाने उकरले तर पावडर निघाली. बाहेरून काही दिसत नव्हतं. तो दोर बाद. नवीन आणायला सांगितलाय.

१८ नोव्हेंबर

वेळापत्रक. २० मुलांचे आठ गट, प्रत्येक गटात तिसरी ते सातवी मिसळून. दहा मिनिटं खेळ, तीन मिनिटं पुढच्या केंद्रावर जायला, आठ फेऱ्यांचे १०४ मिनिटं, मध्ये पंधरा मिनिटं पाण्याची सुट्टी, म्हणजे दोन तास. सुरुवातीला पाच मिनिटांत स्वागत, नमनाला घडाभर तेल घालायचं नाही हे पाहुण्यांनाही फोनवर सांगून झालंय आणि त्यांनी मनापासून मान्य केलं.

केंद्रांचा क्रमही बघून लावला. रस्सीखेचीनंतर बोचा, म्हणजे हात-पाय शांत होतात. अडथळ्यांनंतर फ्रिस्बी. दोन दमवणारी केंद्रं शेजारी नाहीत. सगळे गट एकाच दिशेने सरकणार, मैदानात कोणी आडवं जाणार नाही. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढे चला, सलग लांब शिट्टी म्हणजे सगळं सोडून झाडांकडे नाही, इमारतीत.

माणसं : प्रत्येक केंद्रावर दोन, पाण्याला दोन, प्रथमोपचाराला दोन, आणि तीन मोकळी. मोकळी माणसं हवीतच. कोणाची नाडी सुटते, कोणाला शू लागते, कोणाला रडू येतं, तेव्हा केंद्रावरच्या माणसाने जागा सोडायची नसते.

२१ नोव्हेंबर

व्हीलचेअर वापरणाऱ्या पाचवीतल्या मुलीशी आणि तिच्या आईशी बोलले. कार्यक्रमात तिला काय काय जमेल याची एक यादी मी मनात करून गेले होते, पण आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला स्कोअर लिहायला बसवू नका. प्रत्येक वेळी मलाच शिट्टी नाहीतर वही देतात." आई गप्प होती. मग त्या मुलीनेच सांगितलं की तिचा नेम चांगला आहे आणि तिला रिलेमध्ये पण यायचंय.

बोचा म्हणूनच यादीत आहे. पांढरा चेंडू टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे आणि बसूनच खेळायचा खेळ आहे. आमच्या केंद्रावर सगळीच मुलं खुर्चीवर बसून खेळणार, त्यात कोणी वेगळं दिसायचा प्रश्नच येत नाही. मऊ चेंडू नसतील तर मोज्यात धान्य भरून गाठ मारली तरी चालतं.

रिलेसाठी जमिनीचा प्रश्न होता, तिची चाकं मऊ मातीत रुततात. रिले मैदानाच्या कडक पट्टीवर हलवली. बॅटन नाही, बीन बॅग, मांडीवर ठेवता येते. मोठ्यांच्या ४×१०० मीटर रिलेत बॅटन द्यायला ३० मीटरचा पट्टा असतो, आपण दहा मीटरचा आखलाय आणि धावत द्यायची सक्ती नाही, थांबून दिली तरी चालेल.

ज्या मुलाला कमी दिसतं त्याच्यासाठी आवाजाचा चेंडू. गोलबॉलमध्ये चेंडूत घुंगरू असतात आणि खेळताना बघणारे गप्प बसतात, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये हा खेळ तयार झाला. फ्रिस्बीच्या रिंगणामागे एक जण डबा वाजवणार, मुलगा आवाजावर नेम धरणार. त्याने करून बघितलं, मग बाकीचे पण डोळे मिटून तसंच मारायला लागले आणि त्यांना ते जड गेलं.

कोणताही खेळ अडला की आता आम्ही चारच गोष्टी बघतो : जागा बदलता येईल का, काम बदलता येईल का, साधन बदलता येईल का, माणसं बदलता येतील का. मूल बदलायचं नाही.

२४ नोव्हेंबर

ऊन आणि वीज. एका पानात आटपलं पण पान प्रत्येकाच्या खिशात हवं.

पाण्यासाठी तहान लागायची वाट बघायची नाही, प्रत्येक फेरी बदलताना दोन-चार घोट. घाम, चक्कर, मळमळ, पण मूल नीट बोलतंय : सावलीत झोपवा, पाय थोडे वर, पाणी द्या. मूल असंबद्ध बोलायला लागलं, भलतीच उत्तरं देतंय, शुद्ध हरपतेय, अंग तापलंय : हा उष्माघात समजा, शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला. गाडी येईपर्यंत नुसतं थांबायचं नाही आणि अशा मुलाला तोंडाने पाणी पाजायचं नाही.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. कमी पाण्यात दाट करून दिलं तर उलट त्रास होतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी असतील तर मैदान रिकामं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज दहाएक किलोमीटरच्या आत आलीये. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं परत यायचं नाही, आकाश निवळलं तरी नाही. हा निर्णय घ्यायचा हक्क एकाच माणसाकडे, पीटी सरांकडे, आणि त्यांनी शिट्टी मारल्यावर कोणी 'एवढी फेरी होऊ दे' म्हणायचं नाही.

२७ नोव्हेंबर

एका वर्गाला घेऊन रंगीत तालीम. मी केंद्र बघत नव्हते, एका मुलाला बघत होते. रांगेतला कोणताही एक निवडायचा आणि तो हलतो तेवढाच वेळ स्टॉपवॉच चालू ठेवायचं. अडथळ्यांच्या वाटेवर चौथीतला एक मुलगा, चष्म्याला दोरी लावलेला. दहा मिनिटांत तो खरोखर हलला दोन मिनिटं चाळीस सेकंद. उरलेला वेळ तो पुढच्याच्या पाठीवर बोटाने चित्रं काढत होता.

कारण बोगदा. रांगत जायच्या कापडी बोगद्यात एका वेळी एकच मूल, आणि सगळी वाट तिथे तुंबते. बोगदा काढून दोन समांतर वाटा केल्या, पहिला दुसऱ्या अडथळ्यावर पोचला की पुढचा सुटतो, आणि संपल्यावर कोनाला (खुणेच्या शंकूला) वळसा घालून हळू पळत परत यायचं, उभं राहायला रांगच उरत नाही. पुन्हा तोच मुलगा, पुन्हा घड्याळ : साडेसहा मिनिटांच्या वर. चष्मा घामाने खाली घसरत होता आणि तो एका हाताने सावरत पळत होता.

पोत्याची शर्यत काढली. पोतं घालायला आणि काढायलाच वेळ जातो, छोटी मुलं तोंडावर पडतात, आणि पोती आठच आहेत. त्याजागी दोरीवरच्या उड्या, प्रत्येकाला आपली दोरी. पॅराशूट मात्र जसं हवं तसं चाललं, वीसही जण एकाच वेळी कामात, बाहेर बघत उभं राहायला जागाच नाही. फक्त कडेच्या फाशात मनगट घालू द्यायचं नाही, मुठीत धरायचं.

१ डिसेंबर

मोठ्यांचा भाग. आई-बाबांची शंभर मीटर शर्यत हवी अशी फार मागणी आहे. नाही ठेवली. वर्षभर न पळालेली माणसं मुलं बघतायत म्हणून एकदम जीव तोडून पळतात आणि मांडीचा मागचा स्नायू जातो, असं होताना मी मैदानावर पाहिलंय. त्याऐवजी चालण्याची रिले : प्रत्येक टीममध्ये एक मूल, एक आई किंवा बाबा, आणि एक आजी किंवा आजोबा, तिघांनी बीन बॅग फिरवायची, पळायला बंदी, एक पाय कायम जमिनीवर. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून वॉर्म-अप, खांदे, घोटे, हळू चालणं, मग भरभर. शेजारच्या इमारतीतल्या एका आजींनी नाव देताना विचारलं की काठी चालेल का. चालेल. काठी असलेल्यांना आतली छोटी वाट.

स्वयंसेवकांची मीटिंग पण आजच उरकली. प्रत्येकाला एकच सूचना पाठ करायला दिली : बोलणं ३० सेकंद, दाखवणं एकदा, मग खेळ सुरू. दहा मिनिटांतली चार मिनिटं नियम सांगण्यात गेली तर एवढं सगळं करून काय उपयोग.

६ डिसेंबर

रात्री लिहितेय, पाय दुखतायत.

पहाटे मैदानफेरीत गोलपोस्टजवळचा खड्डा परत बसलेला दिसला, माती खचली होती, कोन लावून तो तुकडा बंद केला. आठला सुरू झालो. पहिल्या दोन फेऱ्यांत गट सरकताना गडबड, तिसरीपासून मुलंच मोठ्यांना दिशा दाखवत होती. नवा दोर छान. एका मुलाचा घोटा मुरगळला, ओल्या कापडात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं ठेवला, पट्टी बांधली, पालक घेऊन गेले. एकीला चक्कर आली, पाणी आणि सावली, वीस मिनिटांत बसून हसायला लागली पण तिला परत खेळायला सोडली नाही.

रिलेत व्हीलचेअरची टीम पहिली आली नाही, तिसरी आली. शेवटच्या वळणावर ती मुलगी दोन्ही हातांनी चाकं ढकलत होती, बीन बॅग दातात धरलेली. मांडीवरून ती घसरत होती म्हणून तिनेच हा उपाय काढला. पुढच्या फेरीत चालत्या मुलांपैकी दोघांनी पण बॅग दातात धरली.

चालण्याच्या रिलेला अपेक्षेपेक्षा खूप जास्त टीम आल्या, दोन फेऱ्या वाढवाव्या लागल्या. काठीवाल्या आजींनी आतली वाट नको म्हणून सांगितलं आणि बाहेरूनच चालल्या.

अधूनमधून घड्याळ लावून मुलं मोजली. बहुतेक केंद्रांवर दहापैकी सहा मिनिटांच्या वर. फ्रिस्बीवर कमी, चारच्या आसपास, कारण मारून झाल्यावर आणायला जाणारे सगळे एकाच वेळी जाऊ शकत नाहीत.

९ डिसेंबर

साहित्य मोजून आत. दोर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवला, पीळ न पडू देता गोल करून टांगला, जमिनीवर ठेवायचा नाही, ओल लागते. दोन दोरीच्या मुठी तुटल्या. बीन बॅग पाच कमी, त्यातल्या तीन मुलांच्या दप्तरात सापडतील असं वर्गशिक्षिका म्हणाल्या.

पुढच्या वेळेसाठी : फ्रिस्बीला दोन्ही बाजूंना रिंगण, म्हणजे आणायला जाणारेच पलीकडून मारतील. रिलेसाठी बॅगला छोटा पट्टा शिवायचा, मांडीवर अडकवता येईल असा. बोचाला अंतर मोजायची दोरी हवी, डोळ्याच्या अंदाजावर भांडणं झाली. खड्ड्यासाठी मुरूम मागवलाय, नुसती माती टिकत नाही. तिसरीच्या मुलांना दहा मिनिटं सलग जास्त होतात, त्यांना मध्ये एक मिनिट बसू द्यायचं. केंद्रांची आठही कार्डं आणि मैदानाचा नकाशा फाइलला जोडलाय, शेजारच्या दुसऱ्या शाळेने मागितलाय, त्यांना सोमवारी प्रती द्यायच्या आणि दोराचं पान वेगळं वाचून दाखवायचं.